कोरड्या नारळांचा भार

गुरुवारी दुपारी गिरण्यांची पहिली पाळी सुटली, की लालबागच्या त्या गल्लीत पाय ठेवायला जागा उरत नसे. भिंतीला टेकवलेल्या सायकली, दाराशी चपलांचा ढीग, कडेवरच्या पोरांची किरकिर आणि आतून येणारा झांजांचा गजर. आत म्हणजे एक जुनं धान्याचं गोदाम. व्यापारी धंदा आवरून कधीच गेला, पण तुळईला टांगलेला त्याचा मोठा काटा तिथंच राहिला होता. तो काटा तोलनाथबाबांच्या हाती लागला आणि गोदामाचा मठ झाला. एका पारड्यात वाळकं पोर बसवायचं, दुसऱ्यात नारळ रचायचे. दर खेपेला नारळ वाढत, म्हणजे पोर भरत चाललं. ना औषध, ना सुई, ना इस्पितळातली रांग! आणि हे सगळं भर उजेडात, शेकडो माणसांच्या डोळ्यांदेखत चालायचं, त्यामुळे शंका घेणारा माणूसच वेडा ठरायचा.

त्या गुरुवारी बकुळा अगदी पुढं उभी होती, कारण पारड्यात तिचाच मुलगा होता. नाव गुरुदत्त, घरी दत्तू. दोन वर्षं पुरी झाली तरी भिंत धरूनच चालायचा. हातपाय काड्यांसारखे, पोट मात्र टम्म फुगलेलं. पारडं हललं तसा तो घाबरून आईकडे हात पसरायला लागला.

"बोलो भारमाता की जय!" बाबांनी आरोळी ठोकली. ही भारमाता कोण, कुठली, तिचं देऊळ कुठल्या गावात, हे लालबागमध्ये कोणालाही ठाऊक नव्हतं. बाबा येण्यापूर्वी तिचं नावसुद्धा कोणी ऐकलं नव्हतं. जयजयकार मात्र पत्रे हादरतील असा झाला.

बाबा अंगानं भरलेले, दाढी तेल लावून विंचरलेली, कपाळभर शेंदूर. बोलणं थेट नाक्यावरच्या दंतमंजनवाल्याचं.

"बाप कुठाय पोराचा? पुढं ये. काटा तपास. अरे, लाजतोस काय? गिरणीवाला ना तू? मशीन जाणतोस ना? बघ, दांडी सरळ की वाकडी? पारड्याखाली काही चिकटवलंय? लोहचुंबक? दोरा? तार? काही नाही ना? मग सांग ह्या लोकांना! काटा खोटं बोलतो?"

"नाही!" गर्दी ओरडली.

"डॉक्टर बोलतो?"

"बोलतो!"

"का नाही बोलणार? तुम्ही बरे झालात तर त्याची चूल कशी पेटणार?" लोक हसले. बाबाही आपल्या भरलेल्या पोटावरून हात फिरवीत हसले. त्यांची स्वतःची चूल कशावर पेटते, हे विचारायचं कोणालाच सुचलं नाही.

बकुळाचा नवरा राजाराम गिरणीच्या साचेखात्यात, मागांवर कामाला होता. त्यानं दत्तूला उचलून रिकामी पारडी एकमेकांशी बदलून पाहिली, दांडीवरून बोट फिरवलं, साखळ्या ताणून बघितल्या. "काटा बरोबर आहे," तो म्हणाला. आणि खरोखरच काटा बरोबर होता. त्यात काडीचीही लबाडी नव्हती.

मग बाबांचा चेला शामराव देवीच्या मांडवाखालून लाल फडक्याचं गाठोडं घेऊन आला. हे दत्तूचे नारळ. पहिल्या दिवशी बकुळानंच ते आणून दिले होते आणि तेव्हापासून ते धुनीशेजारी, देवीच्या पायाशी ठेवलेले होते. ज्याचं गाठोडं त्याचंच, त्यात दुसऱ्याचा हात लागायचा नाही, आईबापाचासुद्धा नाही. पहिल्या दिवशी दत्तू बारा नारळांत भरला होता. पुढं तेरा लागले, मग चौदा. कमी पडले तर वरचा नारळ मठातूनच मिळे. आज चौदावा चढवला तरी पोराचं पारडं जमिनीलाच टेकलेलं राहिलं. शामरावनं पंधरावा ठेवला. दांडी डुलली आणि आडवी झाली.

गोदामात एकच कल्लोळ उठला. बकुळाची सासू सुंदराबाई हात जोडून रडायला लागली. "माझो झील वाडलो गो! माझो दत्तू वाडलो!" बाबांनी गव्हाच्या रव्याचा, दुधात शिजवलेला शिरा स्वतःच्या हातानं दत्तूच्या तोंडात घातला. बकुळानं पोराला पारड्यातून उचललं.

उचललं, आणि कडेवर घेऊन पुन्हा एकदा जोखलं. ज्या बाईनं दोन वर्षं पोर कडेवर वागवलं, तिच्या कमरेला त्याचं ओझं पाठ असतं. तिची कमर सांगत होती, पोर हलकं झालंय. समोर पंधरा नारळ सांगत होते, पोर जड झालंय. भोवताली सगळे तिचं अभिनंदन करत होते. तिनं नारळांना हात जोडले.

ही सत्तावन्न सालची गोष्ट. निवडणुका नुकत्याच होऊन गेल्या होत्या, चाळीच्या भिंतींवर समितीच्या घोषणा अजून ताज्या होत्या आणि राजारामचं अर्धं लक्ष सभा-मोर्चांकडे असायचं. फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला तेव्हा शेजारचा माणूस पडला तरी तो जागचा हलला नव्हता, असं चाळीत कौतुकानं सांगत. घर मालवणकडचं, भात-माशांवर वाढलेलं. पण हल्ली स्वस्त धान्याच्या दुकानात तांदूळ थोडा आणि परदेशी गहूच फार मिळायचा, म्हणून भाताच्या घरात चपाती शिरली होती. दत्तू अंगावर पीत होता तोवर गुटगुटीत होता. वर्षाचा झाल्यावर सुंदराबाईनं त्याला दुधात चपातीचा कुस्करा भरवायला सुरुवात केली, आणि तिथून पोराचं सगळं बिघडत गेलं. पातळ, दुर्गंधी शी, फुगलेलं पोट, चोवीस तास रडणं. मांड्यांची कातडी लोंबायला लागली.

बकुळा त्याला परळच्या इस्पितळात घेऊन गेली. तिथं उर्मिला अजिंक्य नावाच्या डॉक्टर होत्या, गिरगावातल्या जुन्या पाठारे प्रभू घरातल्या. बोलणं शुद्ध आणि चटकन तोडून टाकणारं, पण पोराच्या पोटावर हात ठेवताना आधी तळहात एकमेकांवर चोळून ऊन करून घ्यायच्या. त्यांनी पोर काय खातं ते पुन्हा पुन्हा विचारलं, त्याला वजनावर ठेवलं. चौदा पौंड भरला. दोन वर्षांचं होत आलेलं पोर आणि सहा महिन्यांच्या पोराएवढं वजन.

"ह्याला गहू सोसत नाही," त्या म्हणाल्या. "काही मुलांच्या आतड्यांना गव्हाचा त्रास होतो. आतडं एकदा खराब झालं की दूधही पचत नाही. त्यामुळे गहू पूर्ण बंद. चपाती, पाव, बिस्कीट, शिरा, काहीही नाही. दूधही सध्या बंद. तांदळाची पेज द्या, मुगाचं कढण द्या, पिकलेलं केळं कुस्करून द्या, काटे काढून मासा द्या. तुम्ही कोकणातले ना? मग हे तुमचंच जेवण."

बकुळानं तसं केलं. दत्तूची शी घट्ट झाली, तो रात्री झोपायला लागला. महिन्यानं वजन केलं तर सव्वाचौदा पौंड. पाव पौंड! बकुळाचा चेहरा पडला.

"रडायचं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वजन असंच वाढतं, सावकाश. कधी थांबेलही. पण उलटं जात नाही ना, एवढं बघायचं."

पण सावकाश हा शब्द चाळीत कोणाला ऐकायचा होता? नळावर रोज विचारणा व्हायची. काय गं बकुळा, अजून तसाच का दिसतो तुझा पोरगा? एवढी औषधं पाजूनही? सुंदराबाईला तर ते दुधाचं बंधन काट्यासारखं टोचत होतं. ती वाईट बाई नव्हती. दत्तूसाठी स्वतःच्या ताटातला घास काढून ठेवायची.

"त्या डाक्टरणीक काय कळता?" ती चिडून म्हणायची. "सगळ्या जगाची पोरां दुधार वाडतत आणि ही म्हणता दूध बंद! माज्या नातवाक उपाशी मारतली ती."

आणि मग खालच्या मजल्यावरच्या कमलाबाईनं बातमी आणली. तिची चिमी अशीच वाळलेली होती, तोलनाथबाबांच्या तुळेला बसवल्यापासून नारळ सारखे वाढत होते. कमलाबाईच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की बकुळालाही हेवा वाटला. डॉक्टरीणबाईंकडे महिन्याला पाव पौंड, तोही डोळ्यांना न दिसणारा, आणि इथं पंधरा दिवसांत अख्खा नारळ! बकुळा बाजारातून बारा नारळ घेऊन आली. एकेक कानाशी धरून, हलवून, पाणी वाजतंय ना ते बघून तिनं निवडला होता. मालवणची बाई दुसऱ्या कशात फसेल, नारळात फसायची नाही. पण एकदा नारळ देवापुढं ठेवला की तो कोणी पुन्हा कानाशी नेत नाही. देवाला दिलेल्या वस्तूची पारख करायची नसते, हे तिला आईनं शिकवलं होतं, आईला तिच्या आईनं. बाबांचा सगळा मठ ह्या एका वळणावर उभा होता, हे तेव्हा कोणाला कळणार?

बाबांनी पथ्य दिलं ते डॉक्टरीणबाईंच्या नेमकं उलट. गहू म्हणजे भारमातेचं सोनं, दूध म्हणजे तिचं अमृत, रोज सकाळी मंतरलेली कणीक दुधात शिजवून पाजायची. सुंदराबाईच्या तर मनासारखं झालं. दत्तूचं पोट पुन्हा फुगायला लागलं तेव्हा बाबा म्हणाले, "बघा, पोट धरलं पोरानं!" शी पातळ झाली तेव्हा म्हणाले, "घाण बाहेर पडतेय. पडू द्या." त्यांच्याकडे उत्तर नाही असा प्रश्नच नव्हता.

पंधरा नारळांच्या त्या गुरुवारनंतर दोनच दिवसांनी चिमी गेली.

सकाळी कमलाबाईची किंकाळी ऐकून बकुळा जिना उतरून धावली. चिमी गोधडीवर पडलेली होती, डोळे अर्धवट उघडे. चिमीचे अठरा नारळ झाले होते. मठातला तो सर्वांत मोठा आकडा होता, आणि आदल्याच गुरुवारी बाबांनी तिला उंच धरून सगळ्या लोकांना दाखवलं होतं.

भोईवाड्याच्या स्मशानातून राजाराम परत आला तो भिंतीला टेकून बसला. बकुळानं चहा पुढं ठेवला, तो त्यानं बाजूला सारला.

"मी घेतलं होतं तिला थोडा वेळ," तो म्हणाला. "तिचा बाप लटपटायला लागला म्हणून. बकुळा, अगं, वजनच नव्हतं तिला. नुसतं फडकं उचलल्यासारखं वाटलं. अठरा नारळ कुठं गेले?"

संध्याकाळी बायका कमलाबाईला धरून मठात घेऊन गेल्या. बाबांनी डोळे मिटले, मान डोलावली. "भार पुरा झाला माई. पूर्ण भरलेलं पोरच माता उचलते, अर्धंमुर्धं नाही. भाग्यवान आहेस. रडू नको, रडलीस तर पोरीचा भार तिला वर जड होईल."

कमलाबाईनं पदर तोंडात कोंबून रडू आवरलं आणि त्या माणसाच्या पायांवर डोकं ठेवलं. बकुळाला तो प्रकार बघवेना. तिच्या कडेवर दत्तू मान टाकून पडला होता, आणि तिला एकच दिसत होतं, की उद्या ह्याच जागी डोकं टेकवायला आपण येणार.

दुसऱ्या दिवशी सासूला न सांगता ती परळला गेली. डॉक्टर उर्मिलांनी दत्तूला पाहिलं आणि त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी त्याला वजनावर ठेवलं. तेरा पौंड.

"काय खायला घालत होतात ह्याला?" त्यांनी विचारलं. आवाज चढला नव्हता. बकुळानं सगळं सांगितलं. कणीक, दूध, शिरा, बाबा, काटा, पंधरा नारळ. सांगताना स्वतःलाच लाज वाटली, तरी शेवटी ती म्हणाली, "पण बाई, काटा खरा आहे. ह्यांनी स्वतः तपासला. बारा होते त्याचे पंधरा झाले, माझ्या डोळ्यांसमोर."

"असेल की खरा. मी कुठं नाही म्हणते?" डॉक्टरीणबाई दत्तूच्या मनगटाशी नाडी बघत बोलत होत्या. "पण बाई, तुमच्या त्या काट्याला एवढंच कळतं, की इकडचं जड का तिकडचं. पोर जड झालं का नारळ हलके झाले, हे तो कसं सांगणार? माझ्या इथं वजनं लोखंडाची आहेत. ती वाळत नाहीत."

बकुळानं वजनाच्या दांडीवरच्या लोखंडाला बोट लावून पाहिलं.

"आता हे राहू द्या," त्या म्हणाल्या. "मी ह्याला आत्ताच दाखल करून घेते. आणखी एक आठवडा तो शिरा खाल्ला असता तर तुम्ही ह्याला घेऊन इथं आला नसता. कळलं?"

दत्तूला दाखल केलं. सुंदराबाई धावत आली, आधी भांडली, मग नातवाच्या हातात टोचलेली सुई बघून गप्प झाली आणि खाटेशी बसून राहिली. गुरुवारी सकाळी बकुळानं राजारामला मनातली गोष्ट सांगितली. तो चपापला.

"नारळांना हात लावायचा? शाप देईल तो. पोर आधीच असं पडलेलं."

"गोळीला नाही भ्यालात," बकुळा म्हणाली, "आणि त्या दाढीला भ्यायचं? चिमीला मातीत ठेवताना तुम्ही होतात ना तिथं? मग?"

राजारामनं खुंटीवरची पिशवी घेतली आणि चपला पायात सरकवल्या. बकुळानं त्याच दुकानातून, तसल्याच आकाराचे बारा नारळ निवडून घेतले. दुकानदार म्हणाला, "वयनी, आज कसला नवस?" ती म्हणाली, "नवस नाही. हिशेब आहे."

मठ भरलेला होता. चिमी गेल्यानं गर्दी कमी झाली नव्हती, उलट पूर्ण भरलेलं पोर माता उचलते, ह्या गोष्टीनं बाबांचा दरारा वाढला होता. कमलाबाईही एका कोपऱ्यात बसलेली होती. घरात रिकामं बसवत नाही म्हणून आलेली.

"दत्तूची आई! पोर कुठं आहे?" बाबांनी विचारलं.

"इस्पितळात," बकुळा म्हणाली. तिनं पिशवी खाली ठेवली. "पोर नाही आणलं. त्याचे नारळ तेवढे काढा. मागच्या गुरुवारी तो पंधरा नारळांएवढा होता. मला ते पंधरा ह्या बारांशी तोलून बघायचेत."

"नारळाशी नारळ तोलतात?" बाबा हसले. "वेडी की काय? माता कोपेल."

"कशाला कोपेल? काटा खोटं बोलत नाही ना? तुम्हीच सांगता दर गुरुवारी."

मागून कोणीतरी गिरणीवाला ओरडला, "होऊन जाऊ दे की बाबा! काट्याला काय भ्यायचं?" हशा पिकला. बाबांना आता मागं सरता येईना. त्यांनी शामरावकडे पाहिलं. शामराव जागचा हलला नाही, तेव्हा राजारामनंच पुढं होऊन मांडवाखालचं गाठोडं ओढलं आणि शेंदूर फासलेले पंधराच्या पंधरा नारळ एका पारड्यात घातले. दुसऱ्या पारड्यात बकुळानं बाजारातले बारा ठेवले.

बाराचं पारडं धाडकन खाली गेलं आणि पंधरांचं वर जाऊन लोंबायला लागलं.

बकुळानं बारातला एक काढून घेतला. दांडी हळूहळू आडवी झाली. अकरा आणि पंधरा, बरोबर.

"म्हणजे माझा दत्तू मागच्या गुरुवारी अकराच नारळांचा होता," ती म्हणाली. गोदामात एवढी शांतता होती की तिला ओरडावं लागलं नाही. "पहिल्या दिवशी मी असेच पाण्यानं भरलेले नारळ आणले, तेव्हा बारांचा होता. तुमच्याकडे येऊन तो वाढला नाही बाबा, आटला." तिनं पंधरांतला एक उचलला, जन्मभर पाळलेलं वळण मोडून कानाशी धरला आणि हलवला. मग दुसरा, तिसरा. "ह्यात पाणीच नाही."

बाबांना एक क्षणही लागला नाही. त्यांनी दोन्ही हात वर केले. "चमत्कार! मातेनं पाणी प्राशन केलं! ते पाणी तिनं पोराच्या अंगात घातलं! बोलो भारमाता की जय!"

आणि काय सांगावं, अर्ध्या गर्दीनं जय म्हटलंही! समोर काटा लोंबत होता, नारळ कोरडे होते, तरी बायकांचे हात जोडले गेले. माणसाला आशा सोडवत नाही, त्यातून ती पोराची असली तर नाहीच नाही. बकुळाला वाटलं, संपलं. आता काही बोलून उपयोग नाही.

पण राजाराम तेव्हा एक नारळ घेऊन दाराच्या उजेडात उभा होता. त्यानं नारळाच्या डोळ्यावरचा शेंदूर अंगठ्याच्या नखानं खरवडला. खालून मेण निघालं. मेणाचा बोळा उपटला तर आत गोल, गुळगुळीत भोक.

"आपल्या मातेला पाणी प्यायला गिरमिट लागतं वाटतं?" तो म्हणाला. त्यानं तो नारळ पुढच्या माणसाच्या हातात दिला. त्यानं शेजाऱ्याच्या. नारळ हातोहात फिरायला लागला आणि ज्याच्या हातात जाई त्याचा आवाज बंद होई. शामराव मागच्या दाराकडे सरकला होता, त्याला दोघा-तिघांनी गळ्याशी धरलं. तो लगेच पोपटासारखा बोलायला लागला. पहिल्या तुळेनंतर नारळांना भोक पाडून पाणी काढायचं, मेणानं बुजवून शेंदूर फासायचा, धुनीच्या उबेला ठेवायचे म्हणजे आतलं खोबरंही सुकतं. कोकणातली बाई नवसाचा नारळ हलवून बघत नाही, हे बाबांनीच त्याला सांगितलं होतं. बाबा पूर्वी कुठल्याशा नारळाच्या वखारीत हमाली करत होते.

तेवढ्यात कमलाबाई कोपऱ्यातून उठली. कोणाशी न बोलता ती मांडवापाशी गेली, चिमीचं गाठोडं सोडलं आणि एक नारळ कानाशी धरून हलवला. तो खाली ठेवला, दुसरा घेतला. मग तिसरा. तिला बघून बाकीच्या आया पुढं घुसल्या. जिला आपलं गाठोडं सापडलं तिनं ते फाडलं. शेदीडशे बायका नारळ कानाशी धरून हलवत होत्या, आणि अख्ख्या मठात कुठंही पाणी वाजलं नाही.

कमलाबाईनं अठरावा नारळ खाली ठेवला. ती ओरडली नाही, बाबांच्या अंगावर धावून गेली नाही. मार देणारे पुरुष खूप होते, त्यांनी ते काम केलं आणि अर्धमेल्या बाबांना चौकीवर नेऊन घातलं. कमलाबाई तिथंच बसून राहिली. तिला उठवायला बकुळा गेली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मी तिला रोज दोनदा शिरा भरवायचे गं. नको म्हणायची, मान फिरवायची. मी जबरदस्तीनं भरवायचे."

दत्तू दोन महिने इस्पितळात होता. पेज, कढण, केळं, सुरमईचा तुकडा. पहिल्या पंधरवड्यात वजन एक पैभर हललं नाही, आणि बकुळानं तेव्हा कुठल्याही देवाकडे धाव घेतली नाही. मग काटा एकेक घर पुढं सरकायला लागला. सुंदराबाई नातवाजवळ बसून बारीक डोळ्यांनी तो बघायची आणि पुटपुटायची, "सावकाश वाडूंदे. माका काय घाई नाय." दिवाळीला तो पंधरा पौंडांचा झाला. अजून वाकड्या पायांनीच चालतो, अजून पोटाला जपावं लागतं. पण उलटं जात नाही.

ह्या गोष्टीत चमत्कार असा नाहीच. पोरं हळूहळू वाढतात, हे सत्य कंटाळवाणं असतं, म्हणून आपण झटपट वाढवणाऱ्याकडे पळतो. आणि त्यानं एक पारडं आपल्याला मोकळेपणानं तपासू दिलं, की दुसऱ्यात काय आहे ते बघायचं विसरून जातो. वाचणाऱ्यानं एवढंच लक्षात ठेवावं, की जिथं हात लावायची बंदी असते, हात आधी तिथंच लावून बघावा. देव असला तर तो तेवढ्यानं रागावणार नाही.

तोलनाथबाबा काही महिन्यांनी सुटले. आता ते माहीमला दुसऱ्याच नावानं आहेत, दाढी जरा आखूड आहे, देवी नवी आहे, गुरुवार तोच आहे. कमलाबाईला ते कळल्यापासून दर गुरुवारी ती माहीमच्या त्या मठाच्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभी राहते. भाषण करत नाही, शिव्याही देत नाही. एखादी आई वाळकं पोर कडेवर घेऊन घाईघाईनं आत निघाली, की तिची वाट अडवून दोन नारळ पुढं करते. एक बाजारातला, एक चिमीच्या गाठोड्यातला.

"दोन्ही कानाशी धर, बाई," ती म्हणते, "आणि हलवून बघ. मी बघितलं नव्हतं."